गेज न लावता

सुभानपुरा, बडोदे
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय मंदास,

हरणीला माहेरी सगळे बरे असतील. गावातल्या गावात पत्र पाठवतोय म्हणून तुझे जनार्दनदादा हसतील. हसू देत. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला हे तोंडाने बोलता येणार नाही.

इकडे ठीक. वरण रोज करपतं. शेजारच्या निरुपमाबेन ‘मंदाबेन क्यारे आवशे?’ म्हणून तू कधी येणार ते विचारतात, मी ‘आवशे’, येईल, म्हणून दार लावतो.

कोमल शाळेत जाते ना? त्या माणसाचा पुन्हा मेसेज नाही ना आला? पोलिसांत परवा जाऊन आलो, तपास चालू आहे म्हणाले. चित्रांच्या त्या ॲपमध्ये आठवीतली मुलगी म्हणून बोलणारा बाप्या निघतो काय, आणि आपली पोर त्याला गणवेशातला फोटो पाठवते काय, मागे सोसायटीची पाटी! ‘गेटवर येऊन उभा राहीन’ हे त्याचं वाक्य डोक्यातून जात नाही. खाली रिक्षा थांबली की मी अजून गॅलरीत धावतो.

त्या दिवशी दादांसमोर मी तुझ्यावर ओरडलो, ‘ॲपला परवानगी तूच दिलीस!’ तू म्हणालीस, ‘मी नाही दिली.’ मी म्हणालो, ‘मग काय भुताने दिली?’ तू कोमलचं दप्तर उचललंस आणि दादांबरोबर निघालीस.

मंदा, परवानगी मी दिली होती.

गोरव्याच्या आमच्या कारखान्यात सकाळी गेटवर फोन जमा होतो, हे तुला ठाऊक आहे. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळतो. तोवर नव्या ॲपसाठी आपल्या दोघांच्या फोनवर येणाऱ्या कोमलच्या विनंत्या साठलेल्या असतात. एका हातात पोळी, दुसऱ्या हाताचा अंगठा मंजूर, मंजूर, मंजूर. त्या ॲपच्या दिवशी सकाळी विनंती पाठवून ती म्हणालीही होती, ‘बाबा, रिक्वेस्ट मोकलली आहे, बघून घ्या ने.’ बघून घ्या म्हणाली होती गं. आणि मी, जो माप तपासायचं गेज लावल्याशिवाय एक नट पास करत नाही, साहेबाने सांगितलं तरी नाही, त्याने नावसुद्धा वाचलं नाही.

मंजुरीनंतर ॲपकडून आलेल्या मेलमध्ये सगळं आहे. तारीख, वेळ, माझं नाव. तो मेल मी तू गेलीस त्याच संध्याकाळी पाहिला. आज अकरा दिवस झाले. चूक तुझी असं सगळे धरून चालले होते आणि मला ते सोयीचं होतं, म्हणून गप्प बसलो. लाज वाटते.

हे पत्र दादांना मोठ्याने वाचून दाखव. आरोप त्यांच्यासमोर केला, कबुलीही त्यांच्यासमोरच हवी. कोमललाही ऐकव.

आज दुपारी तिची विनंती आली आहे, बुद्धिबळाच्या ॲपची. अकरा दिवसांत पोर माझ्याशी एक शब्द बोलली नाही, पण विचारते अजून मला. फोन हातात धरून मी रडलो. मग ॲपची माहिती दोनदा वाचली. अनोळखी लोकांशी खेळता येतं असं लिहिलंय. ते बंद करता येतं का, हे तिच्याबरोबर बसून बघायचं आहे. तोवर बोट लावलेलं नाही.

त्यासाठी हरणीला येऊ का? तू हो म्हणेपर्यंत निघणार नाही.

तुझ्या परवानगीची वाट बघत,
अविनाश