छतावरच्या टाकीतलं तेल

सोमवार, ३ मार्च
पोचले एकदाची! कारखान्याच्या आवारातच खोली मिळाली आहे. मोठी खिडकी, गिझर चालू, गादीवर कोरी चादर. ताईला फोन करून सगळं सांगितलं, तर म्हणाली, आता तरी एका जागी टिक. इथे लाकडाच्या भुशापासून फळ्या दाबतात. प्रेसला दोनशे तीस अंशांपर्यंत तापवावं लागतं, म्हणून नळांतून गरम तेल फिरवतात. ही यंत्रणा पंचवीस वर्षांची, पार थकलेली. नवी कुठली घ्यायची, वाफेची की पुन्हा तेलाचीच, हे मी ठरवायचं. साहेब स्वतः फाटकापर्यंत घ्यायला आले होते. इतका मान मला माझ्या माहेरीसुद्धा नाही.

बुधवार, ५ मार्च
भट्टीवाल्या काकांनी सगळं फिरवून दाखवलं. काटकुळ्या अंगाचे, मोजकं बोलणारे. नुसत्या पंपाच्या आवाजावरून तापमान सांगतात, आणि दोन-तीन अंशांच्या वर चुकत नाहीत. छतावर एक टाकी आहे. तेल तापलं की फुगतं, ते वाढीव तेल तिथे चढतं. वाफेचा विचार मी सोडून दिला. एवढ्या तापमानाला वाफेचा दाब भयंकर होतो. तेलाला तो त्रास नाही. तेव्हा तेलच. फक्त आत्ताचं तेल काळंकुट्ट झालंय. ते उपसून टाकी घासून घ्यावी लागेल.

शुक्रवार, ७ मार्च
साहेबांनी नव्या भट्टीला हो म्हटलं, पंपांना हो म्हटलं. तेल उपसायचं म्हटल्यावर मात्र हातातला कप खाली ठेवला. म्हणाले, जुन्यातच नवं मिसळा. मी समजावलं की जुनं तेल नव्यालाही नासवतं, नळ चोंदतात, फुटला तर आगच. ते हसले. आधीचे इंजिनिअरही हेच धरून बसले होते म्हणे. ते आता कुठे असतात, असं विचारलं. न सांगता सोडून गेले, म्हणाले.

सोमवार, १० मार्च
काकांची नोंदवही चाळली. दर सोमवारी, भट्टी पेटवण्याआधी, सगळं थंड असताना ते टाकीतल्या तेलाची उंची मोजून लिहितात. पातळी हळूहळू उतरत जाते, थोडं तेल गळून-उडून जातंच. पण गेल्या वर्षी १७ जूनला एकदम सहा सेंटीमीटर वर! तेल भरल्याची नोंद नाही. स्टोअरमधून एकही पिंप गेलेलं नाही. काका म्हणाले, चुकून लिहिलं असेल. पण त्यापुढच्या प्रत्येक सोमवारी ती वाढ तशीच आहे. चूक इतकी चिवट नसते.

मंगळवार, ११ मार्च
हजेरीपट पाहिला. आधीच्या इंजिनिअरची शेवटची सही शनिवार, १५ जूनची.
टाकी सव्वा मीटर रुंद, गोल. सहा सेंटीमीटर म्हणजे त्र्याहत्तर लिटर. तीनदा आकडेमोड केली.
चांगला धडधाकट माणूस बुडाला तर एवढंच तेल वर चढेल.


बुधवार, १२ मार्च
ऑफिसच्या फोनवरून ताईला सांगितलं. म्हणाली, सामान राहू दे, आधी तिथून नीघ. पण बस आता उद्या सकाळीच. राजीनामा घेऊन गेले. साहेबांनी तो उघडलाही नाही. म्हणाले, हरकत नाही, पण तेल उपसा असं तुम्हीच म्हणत होतात ना? उद्या सगळ्यांना सुट्टी देतो. तेवढं तुमच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे.
मी दारापाशी आल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई काय म्हणाल्या?"

गुरुवार, १३ मार्च
सकाळी आठ. फाटकाला कुलूप. रखवालदार नाही. मोबाइलला रेंज नाही, ऑफिसलाही कुलूप. भिंत दोन पुरुष उंच. पंप बंद आहेत. इतकी शांतता इथे कधीच—

साडेदहा. प्रयोगशाळेत आहे. आतून कडी लावलीय. साहेब दाराबाहेर. आवाज चढवत नाहीत. मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे म्हणतात. पुन्हा पुन्हा तेच, त्याच सुरात.

पावणेअकरा. साहेब गेले. निदान पावलं तरी—
मागच्या खिडकीत काका. म्हणतात, वाट एकच, छतावरून. पलीकडच्या गोदामावर उतरता येतं. रडताहेत.
पण छतावर तर टाकी— आणि काकांचे हातमोजे तेलाने ओले. सुट्टीच्या दिवशी?
१७ जूनचा आकडा त्यांनीच लिहिला. म्हणजे माहीत होतं. पण लपवायचंच असतं, तर लिहिला कशाला? कुणीतरी वाचावा म्हणून? की—

दाराशी पुन्हा कुणीतरी. कडी हलतेय. बिजागरी—
जाते. दुसरं काय करू. काका म्हणतात, पोरी, घाई कर, ती रोजनिशी ठेव इथेच, शिडीवर दोन्ही हात मोकळे