हंटर हिल्सवरच्या तीन दुर्बिणी

११ मे, सोमवार

आल्या! तिन्ही आल्या — रायफलवर बसवायच्या, अंधारात अंगाची ऊब दाखवणाऱ्या दुर्बिणी. कुरियरवाला खोकी फाटकातच टाकून गेला. एवढ्या महागड्या वस्तू, आणि खाली मेंढ्यांच्या लेंड्या!

सोबत, आम्हाला शिकारीचं काम देणाऱ्या कार्यालयातल्या मिरिआमाची चिठ्ठी. महिनाभर वापरा, कुठलीचं चित्र किती स्वच्छ ते लिहा, १५ जूनला अहवाल द्या. कंपन्यांच्या नावांवर काळी पट्टी चिकटवली आहे, म्हणजे कुणाची भीडभाड नको. वर नुसते आकडे — एक, दोन, तीन.

तळाशी एक ओळ, सहज सुचल्यासारखी: 'चित्र पुरेसं स्वच्छ असेल तर जुलैपासून एका गाडीत एकच माणूस ठेवायचा विचार आहे.'

म्हणजे नेव्ह राहणार आणि मी घरी! नेमबाज तो. मी बघणारी. सहा वर्षं आम्ही दोघं या डोंगरांवर रात्री वॉलबी मारतो, मेंढ्यांचं गवत फस्त करणारे ते बुटके कांगारू. म्हणजे मारतो तो. मी हातातल्या दुर्बिणीतून शोधून देते. मी एकही जीव मारलेला नाही. परवाना आहे, हात स्थिर आहे, कागदी निशाण्यावर माझ्या पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत बसतात. पण जिवावर नाही. नेव्हचं ठरलेलं — 'मटण चाप मिटक्या मारत खातेस, आणि म्हणे मी मारत नाही!'

अहवाल मीच लिहायचा. स्वतःच्या पायावर धोंडा किती सुबक अक्षरात पाडून घेते ते बघायचं.

१३ मे

नंबर एक. पहाटे मी एकटीच गेले. दुर्बीण सुटी काढून कुंपणाच्या खांबावर, वाळूच्या पिशवीवर ठेवली. रायफल घरी.

लापशी! दुसरा शब्द नाही. दीडशे मीटरवर पांढरं काहीतरी बसलंय एवढं कळतं. त्याला कान आहेत का, शेपूट आहे का, देव जाणे. पुढे सरकलं की मागे पांढरा फराटा ओढतं. तेरा ओळखले, सात चुकले. त्यातला एक तर दगड होता.

१४ मे

रिमझिम. दुर्बिणीत गवत, दगड, मेंढ्या, सगळं एकाच करड्या रंगाचं. घरी बसून स्कोन केले. नेव्हने चार खाल्ले आणि म्हणाला, कोरडे झालेत.

१७ मे, रविवार

नंबर दोन बरी आहे. दोनशे मीटरपर्यंत कान दिसतात. हिच्यात रंगही आहेत — गरम ते लाल, गार ते निळं. मी रंग लावून दाखवले तर नेव्ह म्हणाला, 'बंद कर ते. डोंगर आहे का आइस्क्रीमची गाडी?' पांढरं-काळंच ठेवलं. खरं तर पांढऱ्या-काळ्यातच बारकावा जास्त, म्हणजे त्याचं बरोबरच. सतरा ओळखले.

२२ मे

नंबर तीन.

काय लिहू! मे म्हणजे इकडे थंडीच; कडक दहिवर पडलेलं, हवा कोरडी, आणि समोरचा सगळा उतार उघडा. मटागौरीच्या काटेरी झुडपाची एकेक काडी वेगळी. तीनशे मीटरवर वॉलबी बसलेली, तिच्या कानाच्या पाळीत गरम शीर दिसली. पोटाच्या पिशवीत पिल्लाची हालचाल! ती उडी मारून गेली तरी बसल्या जागी गवतावर तिच्या उबेचा ठसा होता, तो हळूहळू विझला. मी दुर्बिणीला डोळा लावून तो विझेपर्यंत बघत राहिले. बोटं बधिर झाली तरी.

इथलं कुरण ज्याचं, त्या बार्करची मेंढी उठली तेव्हा तिचा श्वाससुद्धा दिसला. मेंढी आणि वॉलबी यांत गल्लत करायला माणूस आंधळाच हवा.

वीसपैकी वीस. हिच्यासमोर बघणारी बाई कशाला हवी, हा कार्यालयाचा प्रश्न रास्तच आहे. वाईट वाटलं. पण खोटं कसं बोलू?

२३ मे

आता नेव्हची पाळी. संध्याकाळी त्याच खांबावर. आमचा नियम जुनाच — बंदुकीवर जो, त्याने आधी बोलायचं, नाहीतर दुसऱ्याचं ऐकून बोलतो. मी शेजारी हातातली दुर्बीण घेऊन. तो म्हणतो 'वॉलबी' किंवा 'सोड', मग मी माझं लिहिते, मग टॉर्च मारून खरं काय ते पाहायचं.

त्याने बजावलं, 'गाडी बंद. रेडिओ बंद. तोंड बंद.' मी म्हटलं, 'चर्चमध्ये तरी इतकी शिस्त पाळतोस का?' 'चर्चमध्ये मी झोपतो.'

२९ मे

तिन्ही दुर्बिणी नेव्हवर करून झाल्या. एक नंबरमधून एकोणीस. दोनमधून एकोणीस. तीनमधून एकोणीस!!

मला लापशीतून तेरा जमले, आणि हा माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याच लापशीतून एकोणीस ओळखतो! दुर्बीण कुठलीही द्या, याला फरक पडत नाही. चाळीस वर्षांचं काम अंगात मुरलंय. मी म्हटलं, 'नेव्ह, तुला माहीत आहे का तू काय आहेस?' तो म्हणाला, 'भुकेला.'

अहवालात त्याच्यासाठी एक वेगळा परिच्छेद लिहिणार. एकटा काम करायला या जिल्ह्यात याच्याइतका लायक कोणी नाही. बायको, नोलीन, गेल्यापासून घरात त्याला करमत नाही. डोंगर आहे म्हणून तो आहे. माझं काय, मी पुन्हा शाळेची बस चालवीन. पोरं निदान बडबड तरी करतात.

४ जून, गुरुवार

जसं घडलं तसं लिहिते.

तीन नंबर आणखी एकदा पडताळून पाहायची म्हणून संध्याकाळी गेलो. दहा जनावरं. नेव्ह डोळा लावून — वॉलबी, सोड, सोड, वॉलबी. दहाच्या दहा बरोबर. तो गाडीकडे गेला. मी खांबाशी वाकले, मलाही एकदा बघावंसं वाटलं.

काळं. सगळं काळं.

भिंगावरचं रबरी झाकण लावलेलंच होतं. मला वाटलं त्याने काढलं, त्याला वाटलं मी काढलं. दहाच्या दहा — झाकण लावून!

झाकण काढून खिशात टाकलं. वहीत १०/१० लिहिलं. वाटेत चीज रोल घेतले, हवामानाबद्दल बोलले. त्याला घरी सोडलं.

५ जून

वही उलगडून बसले. नेव्ह जिथे जिथे चुकला, तिथे हातातल्या दुर्बिणीतून मीही चुकलेली. एक नंबरच्या दिवशी आम्ही दोघांनी एकाच सशाला वॉलबी म्हटलं. दोनच्या दिवशी दोघांनी एकच वॉलबी सोडली. तीनच्या दिवशीही तेच. मी हे सगळं स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि खाली लिहिलंय, 'थक्क!'

संध्याकाळी त्याला खांबाशी बसवलं आणि म्हटलं, मला थंडी वाजतेय, मी गाडीत बसते, तू ओरडून सांग. तो म्हणाला, 'मग वहीत कोण लिहिणार?' 'गाडीतून लिहिते.' त्याने डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. मग ओरडला, 'वॉलबी!'

समोर बार्करची मेंढी होती. साठ मीटरवर.

६ जून, शनिवार

सकाळीच त्याच्या घरी गेले. चहा केला त्याने. चहा ओतताना बोट कपात बुडवून ठेवतो, कुठवर भरला ते कळायला. हे मी किती वर्षं बघतेय आणि मला वाटायचं, घाणेरडी सवय!

मी म्हटलं, 'गुरुवारी झाकण लावलेलं होतं.'

तो हसलाच आधी. मग म्हणाला, 'असं होय! मला काळंच दिसत होतं. मला वाटलं, आज उरलेलंही गेलं.'

आणि तरी दहा वेळा बोलला! रडू आलं मला.

टिमारूच्या डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. नजरेच्या मधोमध भोक पडलंय. 'ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, ग्लेनिस. कडेचं दिसतं. गरम ठिपका कडेने पकडतो, त्याच्यावर दुर्बिणीतली नेमाची फुली आणतो. ठिपका कशाचा, ते नाही कळत.'

'मग कळतं कसं?'

'तू सांगतेस.'

'मी? मी तर तुझ्यानंतर बोलते!'

'वॉलबी असली की तुझा श्वास थांबतो. मेंढी असली की सुटतो. ससा असला तर नाक ओढतेस.'

मी नाक ओढते!

भांडले. कचाकचा भांडले. बार्करचा माणूस वासरू शोधत तिकडून गेला असता तर? माझी चूक झाली असती तर? दोघांनी बघायचं ते कशासाठी? सहा वर्षं मला एका शब्दाने सांगितलं नाहीस! तो बशीकडे तोंड करून म्हणाला, 'सांगितलं असतं तर तू श्वास जपून घेतला असतास.'

मी कप विसळून पालथे घातले.

निघताना दारात म्हणाला, 'सहा वर्षांत एक मेंढी गेली नाही, बाई. एक नाही. तुझी नजर आहे ती.' माझा राग गेला नाही. पण या माणसाने मिट्ट काळोखात माझ्यावर जेवढा विश्वास टाकला तेवढा लग्नात रॉयने नाही टाकला, हेही खरं.

८ जून

झोप नाही. हिशेब सोपा आहे. तीन नंबर उत्तम म्हणून लिहिलं तर नेव्हला एकट्याला पाठवतील. वाईट म्हणून लिहिलं तर जोडी राहते, त्याचा डोंगर राहतो, माझं काम राहतं, आणि सगळं होतं तसंच चालतं. एक ओळ खोटी लिहायची. 'दमट हवेत चित्र भरवशाचं नाही.' थोडंफार खरंसुद्धा आहे ते! आज दुपारी कच्च्या कागदावर लिहूनही पाहिली.

१० जून

कामाला गेलो, नेहमीसारखे. दुर्बीण रायफलवर, नेव्ह बसला, मी डाव्या बाजूला.

मला श्वासच घेता येईना! घेतला तर ऐकू जाईल, नाही घेतला तर थांबला असं होईल. वॉलबी पुढ्यात आली, तेव्हा मी धापा टाकत होते. दुसरी आली, तेव्हा खोकले. चार गेल्या. नेव्हने बोट घोड्यावर ठेवलंच नाही. बरोबर केलं.

शेवटी त्याने रायफलचा बोल्ट काढला, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही, तो खिशात टाकला आणि म्हणाला, 'झालं, पोरी. संपलं.' आवाजात तक्रार नव्हती. मग बराच वेळ आम्ही तिथेच बसलो. तो मला विचारत गेला, काय दिसतंय, आणि मी तीन नंबरमधून बघून सांगत गेले — सशाने मिशा कशा साफ केल्या, दगड कुठवर गरम आहे, ओढ्याचं पाणी कसं काळ्या दोरीसारखं उतरतंय. तो म्हणाला, 'चांगली आहे ग ही. हीच लिही.'

१३ जून, शनिवार

अहवाल पूर्ण. नंबर तीन. कानाची शीर लिहिली, गवतावरचा ठसा लिहिला. शेवटी हेही लिहिलं: चित्र कितीही स्वच्छ असलं तरी बघणाऱ्याचे डोळे दर वर्षी तपासा, आणि माणसं दोनच ठेवा. पुढे नेव्हबद्दल लिहायचं होतं. पेन तिथेच अडलं.

१५ जून

लिहावं लागलं नाही. कार्यालयात माझ्या आधी नेव्ह हजर! बसने आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मिरिआमासमोर परवाना आणि बोल्ट ठेवला आणि सगळं सांगितलं. स्वतःच्या तोंडाने, काही न लपवता. ती पांढरीफटक. 'तुम्हाला कल्पना आहे का, काय होऊ शकलं असतं?' 'आहे,' तो म्हणाला, 'सहा वर्षं रोज होती.'

काय होईल ते पुढच्या महिन्यात कळवणार आहेत. कदाचित माझ्यावरही येईल. येऊ दे. परतताना गाडीत तो झोपला, तोंड उघडं टाकून.

१९ जून

मिरिआमाचा फोन. अहवाल मान्य, गाडीत माणसं दोनच राहतील. बघणारा नवा देतील, पण बंदुकीवर कोणी नाही. 'तुम्ही बसाल का?' मी म्हटलं, अर्ज पाठव, बघू.

२० जून, शनिवार

अर्ज भरला. नाव, पत्ता, परवाना क्रमांक. चौथ्या रकान्यात विचारलंय, जनावरं मारण्याचा अनुभव किती वर्षांचा.

सहा, लिहिलं.