स्क्रिप्टच्या तिसऱ्या ओळीतले नाव

मी, शिओजी मित्सुए, वय एकाहत्तर, राहणार उराहामा बंदर, समुद्र-संदेश केंद्रातून निवृत्त झालेली प्रोग्रामर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता तोंडी सांगून लिहवून घेत आहे. रक्तदाब थोडा वाढलेला आहे, डोके ठिकाणावर आहे. नोटरीसाहेबांनी खात्रीसाठी आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या मसुद्यातली एक चूकही दाखवली.

१. टेकडीवरचे घर व मागची संत्र्यांची सात झाडे भाची सायोको हिला. हे घर आधी दुसऱ्याला द्यायचे ठरले होते. ते का फिरले, ते कलम चारमध्ये येईल. झाडांची छाटणी सायोकोने स्वतः करावी. तिच्या नवऱ्याने कात्रीला हात लावू नये. मागच्या वर्षी त्याने दोन झाडे बोडकी केली.

२. बँकेतील शिल्लक, अंत्यविधीचा खर्च वजा जाता, 'तोमिएइ मारू' या बोटीवर पूर्वी इंजिन सांभाळणारे कोमाची तेत्सुरो यांना. ते हयात नसल्यास त्यांच्या पत्नीला.

३. पुस्तके व कीबोर्ड केंद्रातील ज्याला हवे त्याने न्यावेत. माजी केंद्रप्रमुख ओकुझाकी यांना काहीही देऊ नये. ते वारले आहेत हे मला ठाऊक आहे; तरीही नोंद असावी.

४. आता मी लिहिलेल्या एका स्क्रिप्टविषयी. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राने ओळीने पाळायच्या आज्ञांची यादी; ही अवघ्या चाळीस ओळींची आहे.

आमच्या प्रोग्रामला दोन प्रकारचा मजकूर वाचावा लागे: हवामानाची पत्रके आणि बोटींचे संदेश. मजकुरातले शब्द सुटे करून ओळखणारा भाग, म्हणजे लेक्सर, दोन्हींसाठी वेगळा होता. तो हाताने लिहीत नाहीत; नियम दिले की तो लिहून देणारे एक साधन असते. त्या साधनाची खोड अशी, की नियम कुठलेही द्या, तयार फाइलला ते एकच ठरलेले नाव देते. कामे एकामागून एक चालत आणि मधे नाव बदलून घेतले जाई, तोवर काही बिघडले नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत नवे यंत्र आले आणि मी बिल्डमधली, म्हणजे प्रोग्राम नव्याने तयार करतानाची, दोन्ही कामे एकाच वेळी चालतील असे करून ठेवले. बारा मिनिटे वाचत होती. त्याच महिन्यातल्या एका मंगळवारी एका फाइलवर दुसरी पडली आणि बोटींच्या जागीही हवामानाचाच लेक्सर बसला. यंत्राने कसलीही तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी 'तोमिएइ मारू'ने कळवले: इंजिन बंद, पाणी आत येत आहे. प्रोग्रामला ते शब्द ओळखता आले नाहीत. त्याने संदेश बाजूला टाकला. सात तास मदतीला कोणी गेले नाही. चौघेही जिवंत सापडले, पण कोमाचींच्या डाव्या पायाची तीन बोटे थंडीने गेली.

ओकुझाकींनी विचारले, "मंगळवारचा बिल्ड कुणी केला?"

मी म्हणाले, "मिनाकुचीने."

ते खरे होते. त्या दिवशी यंत्राला बिल्डची आज्ञा त्यानेच दिली होती. ओकुझाकींनी पुढे काही विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. मिनाकुची हारुओमि माझ्या हाताखाली काम करी. वय एकोणतीस, घरी चार वर्षांची मुलगी. त्याला राजीनामा द्यावा लागला. त्याने धक्क्याजवळ उदोनचे, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांचे, दुकान काढले. दर गुरुवारी मी तिथे जेवायला जाई.

अपघाताच्याच आठवड्यात मी ती स्क्रिप्ट लिहिली. बिल्ड आता साधनाला थेट बोलावत नाही, स्क्रिप्टला बोलावतो. ती प्रत्येक लेक्सरसाठी वेगळे तात्पुरते फोल्डर करते, साधन त्यात चालवते, फाइलला हवे ते नाव देऊन बाहेर आणते आणि फोल्डर पुसून टाकते. तिसऱ्या ओळीत मी टिपण घातले: 'मिनाकुचीच्या चुकीनंतर लिहिली.' रोज डोळ्यांसमोर आले की मलाही ते खरे वाटेल, असे वाटले होते. वाटलेही.

स्क्रिप्ट मी सर्वांसाठी खुली केली. लोकांनी ती आपापल्या बिल्डमध्ये उचलली, तिसऱ्या ओळीसकट.

मिनाकुचीची मुलगी नात्सुहो आता ओसाकात प्रोग्रामर आहे. या वसंतात तिला ती स्क्रिप्ट आपल्या कंपनीच्या कोडमध्ये सापडली. एका गुरुवारी ती त्या ओळीचा छापील कागद घेऊन दुकानात आली.

"मावशी, हा मिनाकुची म्हणजे आमचे बाबा ना? काय चूक केली होती त्यांनी?"

मी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या आणि सगळे सांगितले. मिनाकुची पातेल्यापाशी उभा राहून ऐकत होता.

"तीस वर्षं," तो म्हणाला. "दर गुरुवारी माझ्या हातचं खाऊन गेलात. घशाखाली कसं उतरलं हो?"

"उतरत होतं," मी म्हणाले. "तेच वाईट."

दुकान बंद करताना काढतात तसा त्याने दारावरचा पडदा काढून आत नेला. पुढे दोन महिने मला दुकानात घेतले नाही.

मी ओळ बदलली: 'शिओजीच्या चुकीनंतर लिहिली.' पण जगभर गेलेल्या प्रती मला परत बोलावता येत नाहीत. नात्सुहो एकेका ठिकाणी पत्र लिहून ओळ बदलून घेते आहे. स्क्रिप्टची मालकी मी जिवंतपणीच तिच्या हवाली केली आहे. ती या मृत्युपत्रात धरू नये.

घर मिनाकुचीला द्यायचे मी ठरवले होते. ते कळल्यावर तो गेल्या महिन्यात टेकडी चढून आला.

"घर नको मला."

"मग काय हवंय?"

"ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही. चौकशी करून आलोय. मला साक्षीला बसायचंय. तुम्ही तोंडाने सांगणार, नोटरी लिहून घेणार, ते मला ऐकायचंय. शब्दन् शब्द."

"म्हणजे माफ केलंस?"

"तसं कुठं म्हटलं मी? आधी ऐकू तर द्या."

म्हणून घर सायोकोला.

वरील मजकूर मी सांगितला, नोटरींनी लिहिला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. चौथे कलम ते भरभर वाचू लागले, तेव्हा साक्षीदार क्रमांक एक यांनी ते सावकाश, पुन्हा वाचायला लावले. तसे वाचले गेले.

उराहामा, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

शिओजी मित्सुए (सही व शिक्का)

साक्षीदार २: निशिवाकी फुमियो, निवृत्त पोस्टमास्तर (सही व शिक्का)

साक्षीदार १: मिनाकुची हारुओमि, उदोन दुकानदार (सही व शिक्का)
यांच्या विनंतीवरून त्यांच्या सहीखाली एक शब्द जोडला आहे: ऐकले.