पूर्वपरिचय नाही

नागपूर, २ मार्च १९८६

ती. कमलमावशी आणि संत्र्यांच्या बागेत तिच्या जोडीनं पेट्या भरणाऱ्या सगळ्याजणींना,
सविनय जयभीम.

आजवर तुमच्याबद्दल लिहिलं ते परक्यांनी! बागेच्या मालकाचं नाव छापून आलं, संत्र्याचंही आलं. ती निवडणाऱ्या हातांचं कुठंच नाही. हा अन्याय मी संपवला आहे. मानवशास्त्राचा माझा बी.ए.चा लघुप्रबंध पूर्ण झाला, आणि विषय तुम्हीच! टंकलेली प्रत पाठवतो आहे. मावशी, तुझ्या इंदूनं ती सगळ्यांसमोर वाचावी. वीस तारखेला तोंडी परीक्षा आहे. तुमची माया पाठीशी आहे, असं धरून चालतो.

तुमचा,
मनोहर

सौंसर, ८ मार्च १९८६

प्रिय मनोहरदादास,
इंदूचा जयभीम.

प्रबंध वाचला. आधी सगळ्या खूश. शांताबाई तर म्हणे, की आता पेटी उचलाले या साहेबालेच बलावा. मग पान एकतीस आलं. माहितीदार क्रमांक चार, मजूर स्त्री, वय पन्नास, संशोधकाशी पूर्वपरिचय नाही. आईनं विचारलं, की हे कोण बाई? मी पुढचं पान उलटू लागली. मग तिनंच पान घेतलं आणि प्रौढवर्गात शिकली तसं ओळीवर बोट ठेवून वाचलं. म्हणाली, की याची माय मेल्यावर सात वर्षं मी याले न्हाऊ घातलं, तवा परिचय नोता का? बाया हसल्या. ती नाही हसली.

दोन दिवस झाले, दादा, ती तुझं नाव नाही घेऊन राहिली. मुद्दाम लिहिलं का, एवढं सांग.

मला मात्र विसरू नको.

तुझी,
इंदू

नागपूर, १२ मार्च १९८६

ती. कमलमावशीस,
जयभीम लिहितानाही हात कचरतो.

मुद्दाम लिहिलं. सर एकदा म्हणाले होते, की घरच्या माणसांचा अभ्यास तटस्थ होत नाही. पण खोटं लिही, असं ते म्हणाले नाहीत. मार्कांची भीती होती, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं. मी कुणाचा, हे इथं वर्गात मी कुणाला कळू दिलेलं नाही. पेट्या भरणारी बाई माझी मावशी आहे, हे टंकताना माझी बोटं थांबली. सभेत स्वाभिमानावर गर्जणारा तुझा भाचा चारचौघांत तुझं नातं लपवतो! मला तुझी लाज वाटली, मावशी. आता माझीच वाटते.

काल सरांना सगळं सांगितलं. तुझी मुलाखत म्हणजे अर्धा प्रबंध. ती बाद झाली तर माझं वर्ष जाईल. जाऊ दे. पण दुरुस्ती मी एकट्यानं केली, तर तुझ्याबद्दल पुन्हा मीच ठरवल्यासारखं होईल.

लोभ मागण्याचं तोंड आज मला नाही. एकच मागतो. परीक्षेच्या प्रतीची बांधणी उसवून पान एकतीस सोबत पाठवतो आहे. ती ओळ तू तुझ्या हातानं खोड, मी तुझा कोण ते तिथे लिही, आणि वीस तारखेच्या आत पान परत पाठव. कोणीच नाही असं लिहिलंस, तरी तेच बांधीन.

मनोहर