पुरावा क्रमांक एक : वरचा जबडा, डावी बाजू

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

दात घासताना वरच्या हिरडीत गाठ लागली. हरभऱ्याएवढी. दुखत नाही. जागा तीच! नऊ वर्षांपूर्वी धाकट्या दिरांनी, म्हणजे दंतवैद्य भाऊजींनी, ज्या सुळ्याचं रूट कॅनाल केलं, तिथेच.

भाऊजी सापडले.

घाई करायची नाही. चिडायचं तर अजिबात नाही.

४ मार्च, मंगळवार

सगळं आठवतं, तरी नोंद असावी. मी परीक्षा विभागात अठ्ठावीस वर्षं अधीक्षक होते. कागदावर नाही ते घडलंच नाही.

त्या दिवशी काम संपल्यावर भाऊजी भरलेल्या वेटिंग रूममध्ये ह्यांना म्हणाले, "दादा, वहिनी पाऊण तास गप्प होत्या. ही माझ्याकडून तुला वाढदिवसाची भेट." सगळे हसले. सर्वांत जास्त हे. मी एक शब्दही न बोलता काचेचं दार आपटून बाहेर पडले. दार उलटं आलं, तोंडावर बसलं, ओठ सुजला. तो तपशील गौण. आठवड्याभरात दारावर पाटी लागल्याचं ह्यांच्याकडून कळलं : "दार हळू सोडा." टोमणा कुणाला, ते सांगायला नको.

त्यानंतर त्या क्लिनिकची पायरी चढले नाही. लेखी माफी मिळेपर्यंत चढणारही नाही.

६ मार्च, गुरुवार

दुसरीकडे दाखवलं. डॉक्टरीण वयाने लहान, पण टेबल नीटनेटकं. एक्स-रे काढला. सिस्ट आहे म्हणाली. दात आतून मेला की मुळाच्या टोकाशी पाण्याची पिशवी धरते, सावकाश फुगते आणि आजूबाजूचं हाड पोखरते. बरेचदा काही दुखत नाही, कळतही नाही. हुबेहूब भाऊजींचा स्वभाव.

मग एकेका दाताला बर्फाचा बोळा लावला. सुळ्याशेजारच्या दाताला मला काहीही जाणवलं नाही. पोरगी पुन्हा पुन्हा लावून बघत राहिली. आमच्या पिढीची सहनशक्ती ह्या पोरींना कुठून माहीत असणार? तो दात काळपट का, विचारलं. चहाने, म्हटलं. "काकू, ह्याला कधी मार लागला होता का?" मला मारणारा अजून जन्माला यायचाय, म्हटलं. कुठल्या दाताची सिस्ट ते सांगायला लागली, तेव्हा थांबवलं. ते मला ठाऊक आहे. लेखी द्या, पाकिटात घालून.

पाकीट उघडलेलं नाही. प्रश्नपत्रिका साक्षीदारांसमोरच फोडतात. घरी येऊन लाखेने सील केलं, वर सही केली. साक्षीदार म्हणून ह्यांची घेतली.

उपचार : आधी दाताचं रूट कॅनाल, मग हिरडी उघडून पिशवी काढायची आणि तपासणीला पाठवायची. सोळा तारखेपर्यंत हात लावायचा नाही, असं मी तिला बजावलं. पुरावा जागेवर हवा.

"काकू, तुमचा पुरावा हाड खातोय. उशीर केलात तर दातही जाईल."

खाऊ दे.

१० मार्च, सोमवार

सोळाला भाऊजींच्या क्लिनिकला पंचवीस वर्षं होतात. तिथेच चहापान, सगळे नातेवाईक हजर. अपवाद म्हणून पायरी चढेन. सात मिनिटं भाषण. मग पाकीट फोडून जाहीर वाचन. माफीनाम्याचा मसुदा मीच केलाय, त्यांनी फक्त सही करायची.

हे म्हणाले, "अगं, त्यालाच दाखव की. बाकीचे डॉक्टर असल्या केसेस त्याच्याकडेच पाठवतात."

ह्यांच्याशी अबोला. संध्याकाळी चष्मा सापडेना म्हणून सोडला.

१३ मार्च, गुरुवार

गाठ बोराएवढी. प्रगती समाधानकारक. आरशासमोर तालीम. "माफी" म्हणताना ओठ ओढला जातो. उद्यापासून "क्षमा".

१५ मार्च, शनिवार

रात्रभर ठणका. गाल भज्यासारखा फुगलाय. डॉक्टरीण फोनवर ओरडली, लगेच या म्हणाली. गोळ्या आणल्या. कार्यक्रमात बदल नाही.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी

तोंड बोटभरही उघडेना. भाषण ह्यांच्याकडे दिलं. ह्यांनी "उपस्थितहो" एवढंच वाचलं, बाकी सगळं गाळलं आणि "धाकट्या, अभिनंदन" म्हणून मोकळे झाले. टाळ्या.

मी पाकीट भाऊजींच्या हातात दिलं. मोठ्याने, अशी खूण केली. त्यांनी सगळ्यांसमोर सील फोडलं, वाचलं :

"सुळ्याचं जुनं रूट कॅनाल उत्तम स्थितीत. सिस्ट शेजारच्या मृत दाताच्या मुळाशी. कारण बहुधा जुना मार. शस्त्रक्रियेसाठी पाठवत आहे." पुढे भाऊजींचंच नाव.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग काचेच्या दाराकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

बोलले असते तर परवडलं असतं.

२७ मार्च, गुरुवार

सूज उतरल्यावर डॉक्टरणीने त्या दाताचं रूट कॅनाल केलं. आज भाऊजींनी पिशवी काढली. पाऊण तास. मी गप्प. इलाज नव्हता.

बाहेर हे बसले होते. भाऊजी ते जुनं वाक्य पुन्हा म्हणणार, याची खात्री होती. उत्तर नऊ वर्षं तयार आहे. भाऊजी फक्त "झालं, दादा. दात वाचला," म्हणाले. पुरावा क्रमांक एक बाटलीत घालून तपासणीला गेला. बाटलीवर त्यांच्या अक्षरात माझं नाव. एकही चूक नाही.

निदान दार तरी आपटायचं ठरवलं होतं. भाऊजी पुढे होऊन दार धरून उभे राहिले. मी पार जिन्यापर्यंत पोचले तरी धरूनच होते. त्यामुळे पाटी समोरून वाचता आली. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे : "उलटं येऊन लागतं."

ही ओळ ह्यांनी मला नऊ वर्षांत सांगितली नाही.

आठवडाभर ह्यांच्याशी अबोला. ह्यांच्या लक्षात येईल असं वाटत नाही. तोंडात बोळा आहे.