आत्याच्या नावावर काही नाही

मी, कुमारी विशाखा धोंडीबा धावारे, वय वर्षे सव्वीस, शिक्षण बी. ए., धंदा नोकरी (मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका), राहणार तेर, तालुका व जिल्हा उस्मानाबाद, आज कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर राजीखुशीने लिहून ठेवते की, माझे डोके शाबूत आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या एका झडपेत. लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्याचाच हा मागे राहिलेला परिणाम, असे डॉक्टर म्हणतात. येत्या सोमवारी मी मुंबईच्या सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रियेसाठी दाखल होणार आहे. त्यांनी पाठवलेल्या संमतीच्या कागदावर 'जिवाचे बरेवाईट झाल्यास' अशी एक ओळ आहे. ती वाचली आणि वाटले, आपणही आपला कागद करून ठेवावा. आमच्या घरात यापूर्वी कोणी मृत्युपत्र केलेले नाही. त्यासाठी मागे ठेवायला काही असावे लागते. माझ्याकडे आहे, आणि ते कसे आले हेही इथे लिहिणे मला योग्य वाटते.

१. घर. आमच्या बौद्ध वस्तीतले दोन खोल्यांचे घर घरकुल योजनेतून आई दिवंगत सरुबाई हिच्या नावाने मिळाले. आई-वडिलांनंतर ते माझ्या व भाऊ बलभीम याच्या नावावर आहे. माझा निम्मा हिस्सा बलभीमला द्यावा. पहिल्या पावसाळ्यात छत गळले नाही, तेव्हा आई रात्रभर सवयीने भांडी मांडून बसली होती, हे त्याने आपल्या मुलीला सांगावे.

माझी आत्या पुतळाबाई याच घरात राहते. तिने पुढे कुठे राहावे, हे मी कलम म्हणून घालत नाही. त्याचे कारण खाली येईल. हे वाचून दाखवले तेव्हा वहिनी कमलबाई रागावली. "मी काय आत्याला भाईर काढणार हाय व्हय? तसं लिवायचं आसंल तर माझं नाव घालून लिव्ह." वहिनीवर माझा एक जुना राग होता. आई आजारी असताना ती माहेरी जाऊन बसली होती. तो राग मी या कलमाबरोबर सोडते.

२. मनगटी घड्याळ. अकरावीला मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या पहिल्या हप्त्यातून घेतलेले. ते बलभीमची मुलगी, माझी भाची संघमित्रा हिला द्यावे. रोज एकाच वेळी किल्ली द्यायची, नाहीतर ते मागे पडते.

३. पुस्तके व पोस्टातली शिल्लक. दोन्ही वसतिगृहाला. शिलकीतून दरवर्षी परीक्षेचे फॉर्म भरताना अडलेल्या मुलीची फी भरावी, आणि तिच्याकडून आभाराचे पत्र लिहून घेऊ नये. मी अशी पुष्कळ पत्रे लिहिली आहेत. मला त्याचे वाईट वाटले नाही, पण त्या वेळात अभ्यास झाला असता.

शिष्यवृत्तीवरून गावात आम्हाला 'सरकारचे जावई' म्हणत. किराणा दुकानदार शरणबसप्पा यांनी तर माझ्या वडिलांना भर बाजारात म्हटले होते. वडील मान खाली घालून घरी आले. मी आज बोलते. जावई येतो, जेवतो आणि आहेर घेऊन जातो. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई आणि आत्या ढोकीच्या रस्त्यावर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत खडी फोडत होत्या. मी बारा वर्षांची होते. दुपारी सरकारी पिठाची गोड सुकडी खायला मिळायची, आत्या तिच्या वाटणीतली अर्धी पदरात बांधून माझ्यासाठी आणायची आणि म्हणायची, "माझं पोट भरलंय, तू खा आन् साळंला जा." त्याच खडीची कपची उडून तिचा डावा डोळा गेला. तरी सरकारने ते दुष्काळी काम काढले म्हणून आम्ही गाव सोडून गेलो नाही, आणि गाव सोडले नाही म्हणून माझी शाळा सुटली नाही. सरकारचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी मान खाली न घालता लिहिते, कारण माझ्या घरच्यांनी त्यासाठी अंग मोडून काम केले आहे.

४. म्हैस. 'चांदी' नावाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, महिला दूध संस्थेमार्फत योजनेच्या कर्जातून घेतलेली. कर्ज फिटले आहे.

हे कलम मी तीन वेळा लिहिले व दोन वेळा फाडले.

चांदी ही कागदावर माझी, पण खरी आत्याची. तिच्या हाकेशिवाय ती पान्हा सोडत नाही. म्हणून पहिल्यांदा मी सरळ आत्याचे नाव घातले. मग लक्षात आले की आत्याला निराधार योजनेचे अनुदान मिळते, आणि दुभते जनावर नावावर आले की ते बंद होईल.

ते अनुदान मिळाले कसे, हे सांगितले पाहिजे. आत्याला मूलबाळ नाही, नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला. मी पदवी घेऊन आले त्या वर्षी तिचा अर्ज मीच भरला. चौकशीला चावडीत बोलावले. साहेबांनी विचारले, "बाई, तुम्हाला कोण आहे?" आत्या म्हणाली, "आसं कसं इच्यारता? मला माझी विशाखा हाय. बी. ए. झालीया." अर्ज नामंजूर झाला. घरी येऊन मी रागावले, तेव्हा ती म्हणाली, "निराधार म्हनून सांगू? मग तू कोन माझी?"

तिला समजावायला एक वर्ष गेले. ते माणसांचे विचारत नाहीत आत्या, मुलगा आणि शेत यांचे विचारतात, असे मी सांगत राहिले. पुढच्या चौकशीत ती म्हणाली, "लेकरू न्हाय, शेत न्हाय. बाकीचं इच्यारू नका." त्या वेळी चावडीत उभे राहून "बाई खरं बोलते" असे सांगणारे गृहस्थ होते शरणबसप्पा. त्यामुळे त्यांचा जुना हिशेब माझ्याकडून मिटला आहे.

पोस्टमन पहिली मनीऑर्डर घेऊन आला, तेव्हा आत्याने वहिनीला चहा-साखर आणून दिली. त्या दिवसापासून ती आमच्या घरात उंबऱ्याशी न बसता मध्ये बसते. माझ्या पगारातून मी तिला जे देत होते त्याने हे झाले नव्हते.

बलभीमने मार्ग सुचवला. "नाव माझं लाव. म्हस आत्याचीच ऱ्हाईल, कुनाला कळतंय?" तो प्रेमाने बोलला, म्हणून मी भांडले नाही. पण गावातल्या अकरा बायांचे अर्ज मी भरले आहेत, आणि प्रत्येकीला खरे तेच लिहायला लावले आहे. माझ्या शेवटच्या कागदात मी लबाडी लिहिणार नाही.

परवा मी म्हशीपुढे कोणाचेच नाव न घातलेला दुसरा मसुदा आत्याला वाचून दाखवला. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "समद्यांची नावं आली. माझं कुटं हाय?"

मी म्हटले, "आत्या, तुमचं नाव घालता येत नाही." आणि कारण सांगितले. म्हटले, तुम्हीच ठरवा. म्हैस हवी की अनुदान, दोन्ही नाही. दोन्हींतले काहीही मला मान्य आहे.

ती उठून गोठ्यात गेली. मला वाटले, रडते आहे. थोड्या वेळाने हात धुऊन आली.

"म्हस आटती," ती म्हणाली. "बहात्तरला किती आटल्या, म्या बगितल्यात. मनीआडर आटत न्हाय. म्हस मथुराला दे. तिच्या पदरात दोन लेकरं हायती आन् संस्थेत कर्जाला तिचा नंबर कवा लागायचा."

मथुराबाई आमची शेजारीण, नवऱ्याने टाकलेली. म्हणून मी असे ठरवते की चांदी व संस्थेतला माझा भाग मथुराबाई हिला द्यावा. तिला बोलावून सांगितले, तर ती गोठ्याकडे बघून म्हणाली, "म्हस माझी खरी, पर धारंला तुमाला हाक मारावी लागंल आत्या." आत्या म्हणाली, "फुकाट न्हाय येनार. च्या पायजे."

तेव्हा हे स्पष्ट करते: पुतळाबाई हिला मी या मृत्युपत्राने घर, जनावर, पैसा, भांडे किंवा कोणताही हक्क देत नाही. चौकशीला कोणी आले तर हाच कागद दाखवावा. आणि वाचणाऱ्याने असे समजू नये की भाची आत्याला विसरली.

५. देह. मी मुंबईत वारले तर देह गावी आणण्यासाठी कोणी कर्ज काढू नये. डोळे तिथेच दान करावेत. आत्याला त्यांचा उपयोग नाही, हे मी डॉक्टरांना आधीच विचारले आहे; दुसऱ्या कोणाला होईल. वस्तीत बुद्धवंदना घ्यावी. पंगत घालू नये.

६. साक्षी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये असा संकेत आहे. बलभीम, वहिनी, मथुराबाई यांना म्हणूनच मी नको म्हटले. एक साक्षीदार शरणबसप्पा. ते आले आणि म्हणाले, "सरकारच्या जावयाच्या घरी सही करायची, म्हणजे साखर जास्त घाल, पोरी." दुसरे कोण, असे मी विचारत होते, तेव्हा आत्या पुढे सरकली.

"मला काय मिळतंय ह्यातनं?"

"काही नाही, आत्या."

"तपासून बग."

मी पुन्हा पाहिले. काही नव्हते.

"मग घे मला साक्षीला," ती म्हणाली. "चावडीत म्या तुजं नाव गिळलं. हितं तुज्या नावाखाली माझं यिऊ दे."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, व त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: तेर
दिनांक: ९ फेब्रुवारी १९८६

(सही) विशाखा धोंडीबा धावारे

साक्षीदार:
(सही) शरणबसप्पा चन्नबसप्पा, दुकानदार, तेर
(अंगठा) पुतळाबाई, लिहिणारीची आत्या