बरणीतली पब्लिक

५ सप्टेंबर १९९४. पोळा. दुपार.
आजपासून रोज लिहिणार. पहिले खरं काय ते लिहून ठेवतो, मागून कोणी काहीबाही सांगू नये. पाण्याचा पितळी गडवा मी भिंतीवर फेकला होता. माही बायको गया मधात आली. कपाळाले चार टाके पडले, त्याले मी काय करू. आज बारा दिवस झाले, ती माहेरी आहे, उटनूरच्या पलीकडं.

सकाळी तिचा भाऊ अमृत आला. काकीनाड्याले मच्छीच्या कॉलेजात लॅबमधी कामाले आहे. म्हणे, दाजी, पोळ्याले बैलावर कोणी हात उगारत नाई, तसा तुमी दसऱ्यापर्यंत पोळा पाळा. माणूस, जनावर, वस्तू, कशावरच हात नाई. मंग ताई दसऱ्याले येईल, पाहील अन् राहायचं का नाई ते ठरवील. मी म्हटलं, एवढंच ना. मी काय रोज मारतो काय कोणाले.

पाहील कसं, त मोठ्या काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी देऊन गेला. त्यात डोळ्याले न दिसणारे लाखो जीव आहेत म्हणे. दिवसा खिडकीत उजेडात ठेवायचे, रात्री अंधारात. अंधारात धक्का लागला की निळे चमकतात. पण दिवसातून एकच डाव हात लावायचा, तेही बोटानं. छळलं त मरतात. अशीच दुसरी बरणी गयाजवळ दिली आहे. दसऱ्याले तुमचं सारं ही बरणीच सांगेल म्हणे. कुत्रं दिलं असतं त चोरावर भुंकलं तरी असतं.

६ सप्टेंबर. संध्याकाळी साडेसात.
दिवा बंद करून टिचकी मारली. बाप्पा, सारी बरणी निळी झाली. गया पाहिजे होती असं वाटलं, खोटं काऊन लिहू.

मंग जरा जोरानं मारली. जास्त उजेड. थापड मारली, अजून जास्त. अमृतले लॅबमधल्या बाटल्या धुऊन काय कळते. सतरा वर्षं झाली, मी इचोड्यात रेडिओ-टीव्ही रिपेर करून राह्यलो. डाव्या अंगानं थाप मारल्याशिवाय कोणता सेट चालला आजवर? ही बरणीतली पब्लिक बी तशीच.

९ सप्टेंबर. गणपती बसले.
मंडळाचा अँप्लिफायर लावाले गेलो. अध्यक्ष म्हणजे शेजारचा किराणावाला बाबाराव. ऐन आरतीत आवाज गेला. मी मशीनले दोन थापा मारल्या. बाबाराव म्हणे, वायरमधी घोळ आहे, मशीनले काऊन मारता. मी माइक त्याच्या डोक्यात हाणला. ठॉक असा आवाज पार ट्रकवाल्यांच्या ढाब्यापर्यंत गेला, म्हणजे माइक चालू झाला होता. हे टेस्टिंग होतं. मारण्यात धरत नाई.

घरी येऊन बरणीले पंधरा थापा. फर्स्ट क्लास उजेड.

१६ सप्टेंबर.
उजेड कमी झाला. पब्लिक मस्तावली आहे. लाड केले की असंच होते. बरणी दोन्ही हातांनी धरून अंग दुखेपर्यंत हलवली, तेव्हा कुठी थोडं चमकले. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ शिस्त.

२० सप्टेंबर.
अमृतचं कार्ड आलं. गयाची बरणी झकास आहे म्हणे. ती विचारून राह्यली की तुमची चमकते का. मी उलट टपाली लिहिलं, ट्यूबलाइट झक मारते.

आता आपली बी चमकली पाहिजे. जळक्या मिक्सरची मोटर जुळवली, फळीखाली बसवली, फळीवर बरणी बांधली. म्हणजे मी हात लावतच नाई, काय करायचं ते मोटर करते. अमृतची अट शंभर टक्के पाळली गेली. चालू केल्यावर झाकण उडून माह्या कानशिलावर बसलं. मोटर उपटून भिंतीवर फेकली. मधात कोणी आलं नाई.

२८ सप्टेंबर.
सुरतले प्लेग आला. टीव्हीवर दिवसभर तेच. संध्याकाळी लाइन गेली अन् बाबाराव नाकाले रुमाल बांधून पाच-सहा जणांसंग दारात. म्हणे, तुमी बरणीत जंतू पाळता, बाहेर काढा, आमच्या घरी लेकरं आहेत. मी सांगतलं, हे समुद्राचे आहेत, कॉलेजातून आले आहेत, सुशिक्षित आहेत. तेवढ्यात कोणीतरी गोटा मारला.

पुढचं नीट आठवत नाई. माह्या हातात पाना होता. बाबारावची नडगी वाजली. माहा पुढचा दात गेला. सुरुवात त्यांनी केली, म्हणून हे बी धरत नाई. बरणी पोटाशी घेऊन मी अंगणात पडून राह्यलो. पाठीवर लाथा घेतल्या, पण तिले ओरखडा लागू दिला नाई. एवढं मी आजपर्यंत कोणाले जपलं नसेल.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. सारा अंधार होता, एवढी आदळआपट झाली, पण बरणीत एक ठिपका चमकला नाई. घाबरली असतील.

५ ऑक्टोबर.
आठ दिवस झाले, अंधार. टिचकी मारली, थापड मारली, बुक्की मारली. तळाशी मळकट गाळ बसला आहे, वास बी येते. आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मंग काचेवर डोकं टेकून माफी मागतली. पहिल्यांदाच मागत होतो, शब्द लवकर सापडले नाई. तरी उजेड नाई. आराम करून राह्यले असतील.

११ ऑक्टोबर.
प्लॅन पक्का. गणपतीच्या लायटिंगमधला एक निळा बल्ब, त्यावर लाकडी खोका, खोक्याले भोक, भोकावर बरणी. स्विच टेबलाखाली, पायाजवळ. गयानं टिचकी मारली की मी पायानं दाबणार. ट्रायल घेतली, असलीपेक्षा भारी. याच्यात फसवणूक काही नाई. रिपेरिंग आहे. एकदा ती घरात राह्यली की पब्लिकले बी आपोआप हुशारी येईल.

१४ ऑक्टोबर. दसरा. सकाळ.
घर झाडलं. भिंतीवरच्या गडव्याच्या खुणेवर कॅलेंडर लावलं. दाराले तोरण बांधलं. चाळीस दिवसांत घरातल्या कोणावर हात उगारला नाई. आज गया राहणार.

तोच दिवस. रात्री नऊ.
ते दोघं संध्याकाळच्या बसनं आले. गयाच्या मांडीवर तिची बरणी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. कपाळावर आता पांढरी रेघ राह्यली आहे. माहा दात कुठी गेला ते अमृतनं विचारलं नाई. बाजूच्या दुकानात बाबाराव लंगडताना त्याले दिसला असेल.

दिवा बंद केला. गयानं माह्या बरणीले टिचकी मारली, मी पाय दाबला. निळा उजेड पडला. ती वाकून पाहू लागली, हसली. मले वाटलं, झालं, जिंकलो.

अन् बल्ब गेला. लूज कनेक्शन. असं झालं की कुठी मारायचं ते मले झोपेत बी कळते, डाव्या अंगाले. हात आपोआप गेला. खोका, बल्ब, बरणी, सारं खाली. घाणेरडं पाणी गयाच्या लुगड्यावर उडालं.

अमृतनं बॅटरी लावली. गया भिंतीले चिकटून उभी होती, दोन्ही हात कपाळावर धरून. मी तिच्याकडं पाहत बी नव्हतो. तसं मी सांगतलं. मारायचं बरणीले होतं, तुले नाई, असं दोनदा सांगतलं. तिनं हात खाली घेतले नाई.

ती अमृतले म्हणे, बॅटरी बंद कर. आपली बरणी तिनं स्टुलावर ठेवली. एका बोटाचं टोक लावलं. सारी खोली निळी झाली. फुटलेल्या काचा दिसल्या, टेबलाखालची वायर दिसली, स्विच दिसला, तिच्या कपाळावरची रेघ दिसली. ती म्हणे, मी रोज एकच डाव हात लावत होते, बाकीचा वेळ नुसती जवळ बसत होते. माह्याशी ती एवढंच बोलली. मंग बरणी फडक्यात गुंडाळली.

आठच्या बसनं दोघं गेले. जाताना अमृतनं माह्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. दसरा होता म्हणून ठेवलं असेल.

१५ ऑक्टोबर.
काचा उचलल्या. पाणी पुसलं. बाबारावचा टीव्ही रिपेरले आला होता, तो न मारता चालला, वायरच सुटली होती.

आज कोणावर हात उगारला नाई. घरात कोणी नव्हतं.